घरच्या घरी एस्प्रेसो: पहिल्या शॉटपासून कॅपुचिनोपर्यंत

मशीन घरी आलं त्या दिवशी मी एकामागोमाग सात शॉट (शॉट म्हणजे एका वेळी दाबाने काढलेली घोटभर दाट एस्प्रेसो) काढले आणि सातही बेसिनमध्ये ओतले. कॉफी आंबट, पातळ, वरचा फेस कप उचलेपर्यंत विरून जायचा. पुढचे दोन महिने मी त्यात दूध आणि साखर वाढवत राहिले आणि मशीनच खराब निघालं असं धरून चालले. खरं कारण सोपं होतं. कॉफी आयती दळलेली होती, वजन-मापाचा पत्ता नव्हता, आणि चव बिघडली की मी एका दमात तीन गोष्टी बदलायचे. त्यामुळे कशाने काय झालं हे कधी उमगलंच नाही. तुमचे हे दोन महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

कॅफेतल्या यादीत पंधरा नावं असतात. बिचकू नका. त्यातलं जवळपास प्रत्येक पेय म्हणजे एस्प्रेसो आणि त्यात दूध किंवा पाणी. प्रमाण बदललं की नाव बदलतं. म्हणून आधी पेयांच्या मागे लागू नका. एक शॉट शिका, मग दूध शिका. त्यानंतर सगळी पेयं एका दुपारात हाताखालून जातात.

१. सामान: काय हवं, काय नसलं तरी चालेल

लागणाऱ्या वस्तू अशा:

- एस्प्रेसो मशीन, दूध तापवायच्या वाफेच्या नळीसह (हिला स्टीम वाँड म्हणतात)
- बर, म्हणजे दळणाऱ्या दातेरी चकत्या, असलेला ग्राइंडर
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा
- टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा. बास्केटमध्ये (कॉफी भरायच्या भोकांच्या वाटीत) घट्ट बसेल असा
- चोच असलेला स्टीलचा जग. एका कपासाठी ३५० मिलीचा पुरतो
- दोन फडकी: एक फक्त वाँड पुसायला, दुसरं बाकी सगळ्यासाठी
- वही आणि पेन

पैसे मोजकेच असतील तर मशीन साधं घ्या आणि ग्राइंडर चांगला घ्या. नवखे लोक हमखास उलटं करतात, मीही तेच केलं होतं. ब्लेडचा ग्राइंडर बिया चिरत नाही, फोडतो. एकाच चमच्यात पीठही निघतं आणि रवाही. पिठातून कडवटपणा उतरतो, रव्यातून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. बरच्या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे कण बरेचसे एकसारखे निघतात. हाताने फिरवायचा बर ग्राइंडरही उत्तम चालतो, फक्त तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो ना आणि त्याची सेटिंग थोड्या-थोड्याने सरकते ना, एवढं पाहून घ्या.

मशीनच्या खोक्यावर १५ बार, २० बार असे आकडे असतात. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. एस्प्रेसोला कॉफीवर साधारण ९ बार पुरे होतात. आकडा मोठा म्हणून मशीन चांगलं, असं नाही.

आणि एक सापळा, ज्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. मशीनबरोबर येणारी बास्केट उलटी करून पाहा. तळाला बाहेरून एकच बारीक भोक दिसत असेल तर ती दाब-बास्केट, म्हणजे डबल वॉल. ती कॉफी कशीही दळलेली असली तरी जबरदस्तीने फेस काढून देते. दिसायला झकास, चवीला पोकळ, आणि दळण चुकलं की बरोबर आहे हे ती तुम्हाला कळूच देत नाही. तळभर भोकं असलेली सिंगल वॉल बास्केट बरोबर आली असेल तर तीच लावा, नसेल तर आपल्या मापाची वेगळी मागवा. ५४ आणि ५८ मिलिमीटर ही मापं नेहमी दिसतात, पण मागवण्याआधी आपल्या मशीनचं माप बघा. ग्राइंडर अजून घेतला नसेल तर मात्र तोवर डबल वॉलच बरी.

२. बिया: पाकिटावरची तारीख वाचा

पाकिटावर 'भाजल्याची तारीख' शोधा. फक्त 'अमुक तारखेपूर्वी वापरा' असं असेल तर ते पाकीट सोडून द्या. कॉफी भाजली की तिच्यात कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो आणि हळूहळू बाहेर पडतो. भाजल्यापासून पहिले काही दिवस वायू इतका असतो की शॉट बुडबुड्यांनी भरतो, चव तीक्ष्ण लागते आणि धार वेडीवाकडी पडते. साधारण सात ते चौदा दिवस झाले की बिया शांत होतात. पाकीट उघडल्यावर महिन्याभरात संपवा. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि उष्णतेपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल आणि वास दोन्ही धरतात.

सुरुवातीला मध्यम किंवा मध्यमपेक्षा किंचित गडद भाजलेल्या बिया घ्या. फिकट भाजलेल्या बिया कठीण असतात, त्यातून चव काढायला बारीक दळण आणि गरम पाणी लागतं, आणि हात बसलेला नसताना त्या दर वेळी आंबटच लागतात. तेलाने चकाकणाऱ्या अगदी काळ्या बियाही टाळा. त्या कडू तर असतातच, वर त्यांचं तेल ग्राइंडरमध्ये चिकटून बसतं.

अरेबिका की रोबस्टा? अरेबिकात सुवास आणि नाजूक आंबटगोडपणा जास्त. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, कडवटपणा जास्त आणि वरचा क्रेमा (शॉटवरचा बदामी फेसाचा थर) जाड. दुधाची पेयं जास्त होणार असतील तर थोडा रोबस्टा असलेलं मिश्रण मला बरं वाटतं, कारण दुधातून कॉफीची चव वर येते.

३. एक सूत्र ठरवा आणि त्याला चिकटून राहा

पहिल्या दिवशी एवढंच लिहून भिंतीला चिकटवा: १८ ग्रॅम कोरडी कॉफी, ३६ ग्रॅम तयार एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंद.

बास्केट १८ ग्रॅमची नसेल तर तिच्या मापाइतकी कॉफी घ्या आणि कपात तिच्या दुप्पट वजन काढा. कपातली कॉफी मिलीत मोजू नका, ग्रॅममध्येच मोजा. ताज्या कॉफीवर क्रेमा जाड येतो आणि कपातली रेषा फसवते. दिसायला कप भरलेला असतो, वजन बघावं तर निम्मंच.

४. पहिला शॉट, पायरी पायरीने

मशीन चालू करून थांबा. दिवा लागला म्हणजे पाणी तापलं, जड धातूचा पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट ज्यात बसते तो मुठीचा भाग, अजून गार असतो. बॉयलरच्या मशीनला १५-२० मिनिटं द्या, पोर्टाफिल्टर जागेवर लावूनच. झटपट तापणारं मशीन असेल तर कॉफीशिवाय गरम पाणी पोर्टाफिल्टरमधून कपात सोडा. पोर्टाफिल्टरही तापतो, कपही.

आता बास्केट पुसून कोरडी करा. १८ ग्रॅम बिया मोजा. त्यांच्यावर पाण्याचा एकच थेंब टाकून हलवा, म्हणजे दळताना भुकटी इकडेतिकडे उडत नाही. दळा.

दळलेली कॉफी बास्केटमध्ये गोळे-गोळे होऊन पडते. अशीच दाबली तर जिथे सैल असेल तिथून पाणी वाट काढतं. याला चॅनलिंग म्हणतात, आणि घरच्या वाईट शॉटमागे निम्म्या वेळा हेच असतं. बारीक सुया असलेलं हत्यार मिळतं, किंवा बुचात तीन-चार बारीक सुया खोचून घरीही होतं. ते तळापासून वरपर्यंत गोल फिरवत गोळे मोडा. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे, पण माझ्या कॉफीत सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.

मग टॅम्पर. किती जोर लावायचा यावर लोक फार वेळ घालवतात. कॉफी आणखी दबेनाशी झाली की थांबा, झालं. जोरापेक्षा टॅम्पर सपाट बसणं महत्त्वाचं. कोपर टॅम्परच्या सरळ वर ठेवा आणि मनगट वाकू देऊ नका. बास्केटच्या कडेवर सांडलेली भुकटी बोटाने झटका, नाहीतर रबराच्या गॅस्केटमध्ये अडकते.

पोर्टाफिल्टर लावा, काट्यावर कप ठेवून काटा शून्य करा, पंप आणि घड्याळ एकदमच सुरू करा.

इथे नीट बघा, कारण पुढच्या सगळ्या दुरुस्त्या या अर्ध्या मिनिटावर ठरतात. पहिले सहा-आठ सेकंद काहीच येत नाही, कॉफी पाणी पीत असते. मग गडद, जवळजवळ काळे थेंब. थेंबांची धार होते. ती मधासारखी हवी: जाडसर, सावकाश, किंचित आत ओढल्यासारखी. रंग काळ्यावरून लालसर तपकिरी, तिथून बदामी होत जातो. पिवळट, पाणचट आणि डुलणारी धार दिसू लागली की कॉफीचं देणं संपलं. काट्यावर ३३-३४ ग्रॅम दिसले की पंप बंद करा, उरलेले दोन-तीन ग्रॅम ठिबकून येतात.

वजन आणि वेळ वहीत लिहा. मग कप ढवळा आणि प्या. ढवळायचं विसरू नका. एस्प्रेसो थरांत उतरते, तळाशी सुरुवातीची दाट कॉफी असते आणि वर शेवटची पातळ. नुसता क्रेमा चाखाल तर तो कडूच लागतो.

५. चव घ्या, एकच गोष्ट बदला

पहिल्याच शॉटला ३६ ग्रॅमला २५-३० सेकंद लागतील असं नाही. बहुतेकांचा पहिला शॉट बारा-पंधरा सेकंदांत भसाभस येतो. दळण जाड आहे. ग्राइंडर एक-दोन खुणा बारीककडे सरकवा. उलट चाळीस सेकंद झाले तरी थेंब-थेंबच येत असेल तर दळण जाड करा. कॉफीचं वजन तेच, कपातलं वजन तेच, टॅम्पिंग तसंच. फक्त दळण बदला. सेटिंग बदलल्यावर आत जुन्या दळणाची थोडी कॉफी अडकलेली असते, म्हणून दोन-तीन ग्रॅम दळून टाकून द्या, मगच पुढचा शॉट काढा.

वेळ जमली की घड्याळ बाजूला ठेवा आणि जिभेचं ऐका. इथे नवख्याची खरी अडचण असते ती आंबट आणि कडू वेगळं ओळखण्याची. दोन्हींना तोंड सारखंच वाकडं होतं. मी स्वतःसाठी ठेवलेली खूण सांगते: आंबट शॉटने तोंडाला पाणी सुटतं, गिळल्यावर चव पटकन संपते, अंगाने कॉफी पातळ लागते. कडू शॉटने तोंड कोरडं पडतं, आणि चव जिभेवर मिनिटभर रेंगाळते.

आंबट, म्हणजे कॉफीतून पुरेसं निघालेलं नाही. दळण बारीक करा. तेवढ्याने भागलं नाही तर कपात ३६ ऐवजी ४० ग्रॅम काढून बघा, किंवा मशीनला तापमान बदलता येत असेल तर एक-दोन अंश वाढवा.

कडू आणि कोरडं, म्हणजे जास्तच निघालं. दळण जाड करा किंवा ३२-३३ ग्रॅमवर थांबा. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावं. गडद भाजलेल्या कॉफीला खालचा आकडा, फिकट कॉफीला वरचा.

एकाच कपात आंबटही आणि कडूही लागत असेल तर दळणाला हात लावू नका. ते चॅनलिंग आहे. काही भागातून पाणी सुसाट गेलं आणि काही भागात अडकलं. सुया फिरवणं आणि टॅम्पर सपाट ठेवणं याकडे परत जा. माझे दोन आठवडे इथेच गेले होते. शॉट लवकर येतोय म्हणून मी दळण बारीक करत गेले, आणि बारीक दळणावर दाब वाढून पाण्याने आणखीच भोकं पाडली. शॉट आणखी लवकर. एका टप्प्यानंतर बारीक केल्यावर वेळ वाढायच्या ऐवजी कमी होत असेल तर दोन पावलं मागे या.

नवं पाकीट उघडलं की ही जुळवाजुळव पुन्हा करावी लागते, दोन-तीन शॉट त्यात जातात. पाकीट जुनं होत जातं तसं दळणही थोडं-थोडं बारीक करावं लागतं. यात तुमचं काही चुकत नाही.

६. दूध: फेस नव्हे, रेशीम

गरम दुधावर साबणासारखा फुगलेला फेस तरंगतोय आणि खाली पातळ दूध आहे, हे टाळायचं आहे. हवेचे बुडबुडे इतके बारीक हवेत की वेगळे दिसूच नयेत आणि सगळं दूध एकसंध, ताज्या ऑइल पेंटसारखं चकचकीत व्हावं. याला मायक्रोफोम म्हणतात.

फ्रिजमधलं गार, पूर्ण मलईचं दूध घ्या. फेस धरून ठेवतात ती प्रथिनं, आणि तोंडात गुळगुळीतपणा येतो तो स्निग्धांशाने. स्किम्ड दुधाचा फेस भरपूर येतो पण कोरडा. दूध गार असलं की तापायला वेळ लागतो, म्हणजे तुम्हाला हात फिरवायला उसंत मिळते. जगात दूध चोचीच्या बुडाच्या जरा खालीपर्यंतच भरा.

क्रम असा:

वाँडची वाफ आधी दोन सेकंद फडक्यात सोडा, आत साठलेलं पाणी निघून जातं. वाँडचं टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवा, मध्यापासून जरा बाजूला, आणि वाफ पूर्ण उघडा. भीतीने अर्धवट उघडू नका, कमी वाफेने दूध फिरत नाही.

आता जग अगदी किंचित खाली घ्या, टोक पृष्ठभागाला टेकेल इतकंच. कागद फाडल्यासारखा चर्र, चर्र असा आवाज आला पाहिजे. तेवढ्या क्षणी हवा आत जाते आहे. लाटेसाठी हा आवाज तीन-चार सेकंद पुरे, कॅपुचिनोसाठी सहा-आठ. जगाला लावलेल्या तळव्याला गारवा जाणवेनासा झाला, म्हणजे दूध शरीराइतकं कोमट झालं, की हवा बंद. यानंतर घेतलेल्या हवेचे बुडबुडे मोडत नाहीत, मोठेच राहतात.

जग अर्धा सेंटिमीटर वर उचला म्हणजे टोक आत जाईल, आणि दुधाचा भोवरा होऊ द्या. भोवरा मोठे बुडबुडे ओढून मोडतो. आवाज बसका, घुमल्यासारखा होतो. कर्कश किंचाळी येत असेल तर हवा अजिबात गेली नाही. गुळगुळ करत मोठे बुडबुडे उडत असतील तर टोक फार वर आहे.

जग हाताला धरवेनासा झाला की लगेच वाफ बंद करा. ते ५५ ते ६० अंश असतं आणि थांबेपर्यंत दोन-चार अंश आणखी चढतं. या तापमानाला दुधाचा स्वतःचा गोडवा छान लागतो, साखर न घालणाऱ्याने हे एकदा मुद्दाम चाखून बघावं. ७० अंशांच्या पुढे उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेसही बसतो. उरलेलं तापवलेलं दूध पुन्हा वाफेवर धरू नका, दुसऱ्यांदा तसा फेस येत नाही.

वाँड तत्क्षणी ओल्या फडक्याने पुसा आणि वाफ परत एकदा सोडा. दूध सुकलं की दगडासारखं चिकटतं आणि थोडं आतही ओढलं जातं. मग जग ओट्यावर एकदा आपटा, गोल-गोल फिरवत राहा आणि लगेच ओता. अर्धं मिनिट ठेवलंत तर दूध आणि फेस वेगळे होतात.

सरावासाठी लिटरभर दूध वाया घालवू नका. जगात गार पाणी घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एक छोटा थेंब टाका आणि वाफ द्या. दुधासारखाच भोवरा आणि फेस होतो. जग आणि वाँड नंतर स्वच्छ धुवा.

ओट मिल्क वापरायचं असेल तर पाकिटावर 'बरिस्टा' लिहिलेलं घ्या. त्यात तेल आणि आम्लता सांभाळणारे घटक असतात, म्हणून फेस धरतं. सोयाचं दूध गरम आणि आंबटसर कॉफीत फाटू शकतं, त्यासाठी गडद भाजलेली कॉफी आणि जरा कमी तापवलेलं दूध बरं.

७. आता पेयं

खाली 'शॉट' म्हणजे वरचाच, १८ ग्रॅम कॉफीतून काढलेला ३६ ग्रॅमचा डबल शॉट.

रिस्ट्रेटो आणि लुंगो: बास्केटमधली कॉफी तेवढीच, फक्त थांबण्याची जागा वेगळी. रिस्ट्रेटो २० ते २५ ग्रॅमवर थांबवा, दळण जरा बारीक. दाट, गोडसर लागते. लुंगो ५० ग्रॅमच्या पुढे, दळण जाड. जुन्याच दळणावर पंप चालू ठेवून लुंगो काढलात तर शेवटी नुसता कडवटपणा उतरतो.

अमेरिकानो: शॉटवर १०० ते १५० मिली गरम पाणी. पाणी आधी कपात घेऊन वर शॉट सोडला तर क्रेमा टिकतो, त्याला लाँग ब्लॅक म्हणतात. उकळतं पाणी ओतू नका, उकळी आल्यावर दोन मिनिटं थांबा.

मॅकियाटो: इटालियनमध्ये 'डाग पडलेला'. शॉटवर एक-दोन चमचे फेसाळ दूध. लाटे मॅकियाटो हे बरोबर उलटं पेय आहे. तिथे उंच ग्लासभर दुधाला कॉफीचा डाग पडतो. नावात गफलत होऊ देऊ नका.

कोर्टाडो: स्पेनमधून आलेली. शॉट आणि गरम दूध जवळपास समसमान, फेस नावापुरता. शॉट चांगला जमू लागला की दुधाचं पहिलं पेय म्हणून मी हेच सुचवीन. दूध कॉफीला मऊ करतं, झाकत नाही, त्यामुळे शॉटमधलं उणंअधिक लगेच कळतं.

फ्लॅट व्हाइट: १५० ते १७० मिलीचा कप, एक शॉट, वर अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ थर. शोध आमचाच, असं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघंही म्हणतात.

कॅपुचिनो: १५० ते १८० मिली. कप जवळजवळ फ्लॅट व्हाइटएवढाच, फरक फेसात. वर एक सेंटिमीटर किंवा थोडा जास्त थर हवा, चमच्याने बाजूला सारला तर सावकाश परत येणारा. हे नाव कापुचिन साधूंच्या तपकिरी झग्यांवरून आलं. मला दुधाच्या पेयांत हेच सर्वांत अवघड वाटतं, कारण इतकी हवा घालूनही फेस रेशमी ठेवायचा असतो.

लाटे: २४० ते ३०० मिली. सौम्य. कॉफी फिकी लागत असेल तर दूध कमी करा, शॉट लांबवू नका.

दूध ओतायचं कसं? कप तिरका धरा, सुरुवातीला जग उंच ठेवून बारीक धारेने मध्यात ओता, म्हणजे दूध क्रेमाखाली जातं. कप अर्ध्याहून जास्त भरला की जगाची चोच पृष्ठभागाला जवळजवळ टेकवा आणि धार वाढवा. पांढरा ठिपका वर उमटतो. हृदय, पान वगैरे सगळं या ठिपक्यातून पुढे. ठिपका उमटलाच नाही तर दुधात हवा कमी आहे. गठ्ठा धप्पकन पडला तर जास्त.

मोका: कपात दोन चमचे कोको पावडर आणि चवीपुरती साखर, त्यावर गरम शॉट. गुठळी राहणार नाही असं घोटा आणि मगच दूध घाला. कोको दुधात नंतर टाकला की तरंगत राहतो.

आइस्ड लाटे: ग्लास बर्फाने भरा, १५० मिली गार दूध ओता, शेवटी शॉट. क्रम महत्त्वाचा. शॉट थेट बर्फावर पडला तर बर्फ वितळून कॉफी पाणचट होते.

शेकराटो: शॉट, थोडी साखर आणि मूठभर बर्फ घट्ट झाकणाच्या बरणीत घालून पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या. साखर आधी गरम शॉटमध्ये विरघळवा. वर येणारा तलम फेस दुधाशिवायचा असतो.

अफोगाटो: 'बुडवलेलं'. थंड वाटीत व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा, त्यावर ताजा शॉट. आइस्क्रीम चांगलं कडक गोठलेलं हवं.

८. मशीन अजून घेतलं नसेल तर

मोका पॉटने सुरुवात करा. वरचं मोका हे पेय वेगळं आणि मोका पॉट हे भांडं वेगळं. भांड्याचा चॉकलेटशी संबंध नाही. अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ते १९३३ मध्ये बाहेर आलं आणि त्याची घडण आजही जवळपास तशीच आहे.

त्याचा दाब एक ते दोन बारच्या आसपास, म्हणून ती कॉफी दाट असली तरी आजच्या अर्थाने एस्प्रेसो नव्हे. पण एक गोष्ट मला फार आवडते. लुइजी बेझेरा यांनी मिलानमध्ये १९०१ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, तेही वाफेच्याच दाबावर चालायचं आणि त्यातल्या कॉफीवर क्रेमा नसायचा. आकिले गाज्जा यांची तरफेची मशीनं १९४८ मध्ये बाजारात आली, दाब आठ-नऊ बारवर गेला, तेव्हा कुठे तो बदामी थर कपात दिसू लागला. म्हणजे मोका पॉटची कॉफी पिताना तुम्ही जुन्या एस्प्रेसोच्या बऱ्याच जवळ असता.

खालच्या भागात गरम पाणी वाल्व्हच्या खालपर्यंत भरा. दळण एस्प्रेसोपेक्षा जाड ठेवा. फनेल काठोकाठ भरून सपाट करा, दाबू नका. झाकण उघडं ठेवून मंद आचेवर ठेवा. खरखर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा आणि बूड गार पाण्याखाली धरा. त्या खरखरीनंतर येतो तो फक्त कडवटपणा. दुधासाठी फ्रेंच प्रेस (दांड्याने जाळी वर-खाली करायचं कॉफीचं भांडं) वापरा: ६० अंशांपर्यंत तापवलेलं दूध तिच्यात एक तृतीयांश भरा, दांडा पंधरा-वीस वेळा जलद वर-खाली करा आणि आपटून फिरवा. या दोन वस्तूंवर लाटे आणि कोर्टाडो छान होतात.

९. साफसफाई, जिच्यावर चव टिकते

शॉट झाला की चोथा लगेच काढा आणि काही सेकंद नुसतं पाणी सोडून वरची जाळी धुवा. कॉफीचं तेल चिकटून राहिलं की खवट होतं, आणि तो खवटपणा दुसऱ्या दिवशीच्या कपात येतो. बास्केट आणि पोर्टाफिल्टरचा धातूचा भाग आठवड्यातून एकदा कॉफी मशीनच्या पावडरीच्या गरम पाण्यात भिजवा. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ बुडू देऊ नका. बंद बास्केट लावून उलट्या दाबाने धुण्याची पद्धत, म्हणजे बॅकफ्लश, फक्त त्यासाठी वाल्व्ह असलेल्या मशीनलाच चालते. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा.

ग्राइंडरचे बर पाण्याने कधीच धुवू नका, कोरड्या ब्रशने झाडा.

पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये क्षार साठतात, गाळलेलं मऊ पाणी वापरा. पण डिस्टिल्ड पाणी टाकू नका. त्यात खनिजं नसल्याने चव सपाट लागते, आणि काही मशीनच्या सेन्सरना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. क्षार काढण्यासाठी मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेलंच द्रव्य, सांगितलेल्याच प्रमाणात वापरा. त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या दोन पूर्ण टाक्या मशीनमधून आणि वाँडमधून सोडा, आणि पुढचा पहिला शॉट न पिता ओतून द्या.